मोटर बंद कर

मी फौजेत सिग्नलला व्हतो. तितं एकच घोटून घेतलं: निरोप जसाच्या तसा. आपलं शहाणपण त्यात घालायचं न्हाई. रिटायर झालो आन् सरकारी दवाखान्यासमोर एसटीडी बूथ टाकलं.

त्या दुपारी ट्रॅक्टरमधनं नाथाजीला आणलं. माझा धाकटा भाऊ. टोमॅटोवर औषध मारताना वाऱ्याच्या तोंडालाच उभा ऱ्हायला, गाढव! तोंडाला फेस, छातीत घरघर. सामाईक विहिरीवर मोटर कुणी कवा लावायची, त्या पाण्याच्या पाळीवरनं आमची बोलचाल बंद हाय, तरी मी बूथातनं भाईर धावलो.

दवाखान्यात डॉक्टर सुमंत एकटाच, नवखा. दोन इंजेक्शनं दिली आन् घाबरला. दवाखान्याची गाडी बाळंतीण घेऊन मलकापूरला गेलेली. फोनच्या डायलला कुलूप, आन् किल्ली साताऱ्याला मिटिंगला गेलेल्या सायबाच्या खिशात! काय बोलायचं ह्या कारभाराला? सुमंत खिडकीतनं वरडला, "मानसिंगदादा, सांगलीला विश्रामबागेत विष्णुपंत डॉक्टरांना लावा. माझे सर आहेत ते." नंबरबी वरडूनच सांगितला.

लाइन लागली. बूथच्या दारात मी, पल्याड खिडकीत सुमंत, मधी उसाच्या गाड्या. एकेक गाडी आडवी आली की माझा जीव खालवर व्हायचा.

"सर विचारत्यात, घरघर थांबली का?"

"नाही! पण नाडी फार पळतेय. इंजेक्शन थांबवू?"

माझ्या जिभंवर आलंतं, थांबीव बाबा, मारशील त्येला. पर निरोप तो निरोप. तसाच फोनात सांगितला.

सर कडाडलं, "नाडीला भिऊ नको म्हणावं. छाती मोकळी होईपर्यंत देत राहा."

सुमंतनं परत सुई भरली. मंग परत. दवाखान्याच्या पायरीवर विजयमाला, नाथाजीची बायको, देवाचा धावा करत व्हती. तेवढ्यात आत आरडाओरडा झाला. ती पळत आत गेली आन् रडतच भाईर आली. "आवं भावजी, ह्यास्नी भ्रम झालाय वं!"

सुमंत खिडकीत आला. "घरघर थांबली! तोंड कोरडं पडलंय. पण बडबडतोय."

सर म्हणालं, "काय बडबडतोय? विचारा."

सुमंत आत जाऊन ऐकून आला. "दादा, तुम्हालाच शिव्या आहेत."

"निरोप द्या वो जसाच्या तसा!"

"'मान्या, मुडद्या, मोटर बंद कर! आज पाळी माझी हाय!'"

सगळा बाजार ऐकत व्हता. तरी शब्दन् शब्द फोनात सांगितला, मुडद्यासकट.

सर हसलं. "ही बडबड इंजेक्शनाचीच. औषध लागू पडलंय. भाऊ वाचेल तुमचा. आता डोस कमी कर म्हणावं, पण नजर हटवू नको."

म्या तेवढं सुमंतला वरडून सांगितलं. आन् फौजेत जे कवाच केलं न्हवतं, ते केलं. पदरचं घातलं.

"आन् त्येला सांगा, मोटर बंद केली म्हणावं! पाळी तुझीच हाय!"