चार मोजेपर्यंत

बारकीनं चौथा स्क्रू स्टीलच्या वाटीत टाकला, कॅबिनेटची बाजू सरकवून काढली आणि मागे वळूनही न बघता म्हणाली, "बाबा, हात."

वडिलांचा हात टेबलापर्यंत पोचलाच होता. तो त्यांनी तसाच वळवून खिडकीच्या कडीवरून फिरवला, जणू कडी बघायलाच उठले होते.

"धूळ फार येते इथून," ते म्हणाले.

"येते. बसा तुम्ही."

ते खुर्चीवर जाऊन बसले. अडतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या आणि निवृत्त होऊनही लोक त्यांना लिफ्टवाले म्हणूनच ओळखत. घरात कुणी स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की दोन मिनिटांत तो त्यांच्या हातात गेलेला असायचा, कसा ते घेणाऱ्यालाही कळायचं नाही. बारकीची सायकल, तिचा टेबलफॅन, कॉलेजातलं प्रोजेक्ट, सगळं तिनं सुरू केलं होतं आणि बाबांनी पुरं केलं होतं. त्यात खोट काही नव्हती. चुकत असलेलं काम त्यांना बघवत नसे, आणि दुसऱ्याचं काम त्यांना नेहमी चुकतच असलेलं दिसे.

आज मात्र गोष्ट वेगळी होती. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये बारकीला काम हवं होतं. तिथल्या मालकांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घरचा गेमिंग कॉम्प्युटर मधेच बंद पडतो म्हणतेस ना? तो दुरुस्त कर. सोमवारी सकाळी घेऊन ये आणि काय झालं होतं ते सांग." ती दाराशी पोचली तेव्हा त्यांनी तिला परत हाक मारली. "तुझे वडील मला माहीत आहेत," ते म्हणाले. "मला त्यांना कामावर ठेवायचं नाहीये."

हे वाक्य तिनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबांना त्याचं हसू आलं. ती हसली नाही, कारण गेली दोन वर्षं ती स्वतःलाही तेच विचारत होती. तिला खरंच काही येतं, की ती नुसती लिफ्टवाल्यांची मुलगी आहे?

म्हणून रविवारी सकाळी तिनं टेबलावर जुनी चादर पसरली आणि बाबांना ताकीद दिली. हात लावायचा नाही, सुचवायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही. आई पडद्याची उसवलेली कड घेऊन दारातच बसली. शिवायला उजेड तिथे चांगला येतो, असं तिचं म्हणणं होतं.

बिघाड तीन आठवड्यांचा होता. साधं काम केलं तर मशीन दिवसभर चालायचं. गेम लावला, रंगात आला, चहूकडे गोळे फुटायला लागले, की स्क्रीन काळी आणि पंखे गप्प.

बाबांचं निदान पहिल्या दिवशीच झालं होतं. सप्लाय. भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्या भागांना वाटणारा तो पत्र्याचा डबा. गेम जड झाला की जोर लागतो, जोर लागला की थकलेला सप्लाय बसतो, इतकं ते सोपं होतं. कुणी विचारलं असतं तर त्यांनी छाती ठोकून सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

बारकीनं मात्र सप्लायकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं आतली धूळ ब्रशनं झाडली, मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांचे दाते खोडरबरानं पुसले आणि टक आवाज येईपर्यंत परत दाबून बसवल्या. एकेक गोष्ट केली की वहीत लिहायची, मशीन सुरू करून बघायचं, मगच पुढची गोष्ट. बाबांना तिचा हा सावकाशपणा सोसवत नव्हता. पण तोंडाला कुलूप लावून बसायचं ठरलं होतं, तेव्हा ते बसले.

मग तिनं मशीनवर जोर टाकून बघायचा एक प्रोग्रॅम लावला. पंखे घोंघावायला लागले. कॅबिनेटमधून गरम वारा बाहेर येऊ लागला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. मशीन ठणठणीत चालत राहिलं.

बाबांनी भुवया वर केल्या. पण लगेच त्यांच्या मनानं वाट काढली. सप्लाय अजून पुरता तापला नसणार. काही बिघाड आळशी असतात.

"आता गेम," बारकी स्वतःशीच म्हणाली. तिनं हेडफोन लावून अर्धा तास गेम खेळला. बाबांना फक्त तिची धावणारी बोटं दिसत होती. काही झालं नाही. तिनं हेडफोन काढले आणि टेबलावर कॅबिनेटशेजारी ठेवलेले मोठे स्पीकर लावले. तिसऱ्या स्फोटाला खिडकीची काच थरथरली, आईनं सुई थांबवली, आणि स्क्रीन काळी झाली.

बारकी खूश झाली. बिघाड झाल्यावर खूश होणारं माणूस बाबांनी आजवर एकच पाहिलं होतं, दाढी करताना आरशात.

तिनं मशीन पुन्हा सुरू केलं, स्पीकर बंद ठेवले आणि कॅबिनेटवर बोटाच्या पेरानं हलकेच ठोकलं. काही नाही. जरा जोरात ठोकलं. मशीन चालत राहिलं, आणि मग बंद पडलं.

हादरा. म्हणजे कुठे तरी काही तरी सैल आहे, बाबांना पटलं. आणि त्याच क्षणी त्यांना हेही पटलं की ते सैल सप्लायच्या आत आहे. सोल्डरिंगचा कच्चा राहिलेला टाका. अशा कच्च्या टाक्यांनी त्यांच्या अडतीस वर्षांतली निम्मी जेवणं थंड केली होती. त्यांचा उजवा पाय आपोआप हलायला लागला.

"अहो," आई म्हणाली.

पाय थांबला.

बारकीनं मैत्रिणीकडून मागून आणलेली मेमरीची पट्टी लावून पाहिली. ठोकलं. बंद. ग्राफिक्स कार्ड काढून परत बसवलं, त्याची वायर बदलली. ठोकलं. बंद. आता उरलाच होता सप्लाय, आणि बाबा खुर्चीच्या अगदी कडेवर आले. पण बारकी सप्लायकडे न वळता तशीच उभी राहिली. तिनं मशीन पुन्हा सुरू केलं, ठोकलं, आणि ओठांतल्या ओठांत काही तरी पुटपुटली. परत सुरू केलं, परत ठोकलं, परत तेच. पाच वेळा तिनं हे केलं.

"काय चाललंय?" आईनंच विचारलं.

"मोजतेय. ठोकल्या ठोकल्या बंद नाही होत गं. दर वेळी चार मोजेपर्यंत चालतं, मग जातं."

"मग?"

"वीज तुटली असती तर त्याच क्षणी गेलं असतं. चार सेकंद कोण थांबतं?"

बाबांनी सप्लायकडे पाहिलं. सप्लाय थांबत नाही. ते समोरच बसून बघत होते, पण मोजावं असं काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

बारकीनं कॅबिनेटच्या पुढच्या भागातून आत जाणारी एक बारीक जोडवायर शोधली. सुरू करायच्या बटणाची वायर. ती तिनं उपटून काढली. मग ती वायर जिथे बसते त्या बोर्डावरच्या दोन बारक्या पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं आणि बटणाशिवायच मशीन सुरू केलं. ठोकलं. मग मुठीनं ठोकलं. मग स्पीकर पूर्ण आवाजात लावले. खिडकी थरथरली, वाटीतले स्क्रू खुळखुळले, गेममध्ये एक अख्खी इमारत कोसळली. मशीन चालतच राहिलं.

"बटण," ती म्हणाली. "आतून झिजलंय. हादरा बसला की दाबलं जातं आणि तसंच चिकटून राहतं. चार सेकंद दाबून धरलं की मशीनला वाटतं, आपल्याला बंद व्हायला सांगितलंय."

"पण मी पुसताना तर रोज दाबलं जातं ते," आई म्हणाली. "तेव्हा कुठे काय होतं?"

"तू पुसतेस म्हणूनच मी सेटिंग बदलून ठेवलं होतं. नुसतं दाबलं तर काही होत नाही. धरून ठेवलं तरच." ती बाबांकडे वळली. "तुमच्या डब्यात छोटं बटण असेल का?"

बाबा इतक्या चटकन उठले की खुर्ची मागे सरकली. डब्यात चाळीस बटणं होती. त्यांनी पाच निवडून तळहातावर आणली. तिनं त्यांतलं एक उचललं, मापात बसवून पाहिलं, जुनं बटण वायरीपासून कापून काढलं आणि सोल्डरिंगची लेखणी तापत ठेवली.

"ही वायर धरा," ती म्हणाली.

त्यांनी दोन्ही हातांनी वायर धरली. मागच्या कित्येक वर्षांत त्यांना कुणी नुसतं काही धरायला सांगितलं नव्हतं. बारकीनं टाका मारला, फुंकर घातली, दुसरा टाका मारला. टाके गोल आणि चकचकीत आले. ते बघून बाबांना एवढं बरं वाटलं की त्यांनी मान खाली घातली.

"तुम्हाला माहीत होतं ना?" ती एकदम म्हणाली.

"काय?"

"बटण आहे ते. लिफ्टच्या निम्म्या तक्रारी बटणाच्याच असतात, तुम्हीच सांगता. तुम्ही पहिल्यापासून ओळखलं असणार, आणि मला शोधू द्यायचं म्हणून गप्प बसलात." ती हसत होती. पण तिची लेखणी हवेतच थांबली होती आणि हसू डोळ्यांपर्यंत पोचलेलं नव्हतं.

बाबांनी नुसती होकाराची मान हलवली असती तरी चाललं असतं. समजूतदार, पोरीसाठी ओठ मिटून बसलेला बाप. असं कौतुक त्यांच्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि ते आयतं समोर आलं होतं. आईनं सुई पडद्यात तशीच खोचून ठेवली आणि त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही," बाबा म्हणाले.

"खरंच?"

"सप्लाय वाटत होता मला. पहिल्या दिवसापासून. तू ठोकत होतीस तेव्हासुद्धा सप्लायच. माझ्या हातात दिलं असतंस तर आधी तो बदलला असता, मग कार्ड बदललं असतं, मग बोर्ड. आणि पुढच्या रविवारीही इथेच बसलो असतो."

बारकीनं लेखणी स्टँडवर ठेवली.  मग खाली वाकून तिनं बटण जागेवर बसवलं. तिचे कान लाल झाले होते.

"उद्या मालक विचारतील," ती वर न बघता म्हणाली. "वडिलांनी किती मदत केली म्हणून. काय सांगू?"

बाबांच्या हातात वायरचं कापलेलं टोक राहिलं होतं. ते त्यांनी चादरीवर ठेवलं.

"सांग, ते दिवसभर समोरच बसले होते. त्यांना सापडलं नाही."