फाळक्यावर सगळ्यात वर कोण

सैद बाहारुनचं नाक मी चौथ्यांदा खरवडत होते, तेव्हा लिक कास्मुरी मागून म्हणाले, "नोक, त्यांना अजून जरा वर सरकव की."

"कुठं वर? वर फाळका संपतो. त्याच्यापुढं आभाळ."

"मग एटीला खाली घे."

"एटीला हात तर लावून बघ!" लिक दुलगानी बाकावरून उठलेच. हातात तेंपेचं भजं होतं, ते त्यांनी कास्मुरींच्या छातीवर रोखलं. "ट्रक तुझा असेल, एटी तुझी नाही."

"भांडू नका," साकोर गुरुजी म्हणाले. "मुद्द्याचं बोला. निकष काय?"

झालं. निकष आले की माझ्या ब्रशवरचा रंग वाळतो. तीन आठवडे हेच बघत होते मी.

ट्रक लिक कास्मुरींचा. आमच्याकडं काकाला लिक म्हणतात. ब्रेबेसचा कांदा भरायचा आणि जकार्ताला ओतायचा, हा त्यांचा धंदा. आमच्या किनाऱ्याच्या रस्त्यावर कोऱ्या फाळक्याचा ट्रक म्हणजे बनियनवर लग्नाला आलेला नवरदेव. मागून येणारे हसतात. त्यामुळं प्रत्येक जण ट्रकच्या मागच्या फाळक्यावर चित्र काढून घेतो. शहाणे लोक एखाद्या सुंदर बाईचा चेहरा सांगतात, खाली एक आगाऊ ओळ लिहून घेतात आणि संध्याकाळी ट्रक घेऊन जातात. पण हे तिघं पडले दांगदुत गाण्यांचे भक्त. त्यांना फाळक्यावर हवे होते दांगदुतचे आजवरचे सगळ्यात थोर गायक. आधी पाच ठरले होते. पाचांवर एकमत होईना म्हणून तिघांवर आले. तिघांवर तरी कुठं होत होतं?

ट्रकच्या चित्रात एक रीत असते. कोणी शिकवत नाही, सगळ्यांना माहीत असते. जो थोर तो वर, मधोमध आणि मोठा. बाकीचे त्याच्या खांद्याखाली. म्हणजे कोणाला तरी वर बसवायलाच लागतं, आणि तिथंच घोडं अडलं.

लिक कास्मुरींचा देव सैद बाहारुन. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. "त्याच्या आवाजानं मला स्टिअरिंगवर झोपू दिलं नाही, म्हणून आज जिवंत आहे," असं ते रोज सांगायचे. लिक दुलगानी न्हावी, त्यांची एटी मार्सिता. रेडिओवर ती लागली की त्यांची कात्री थांबते, मग गिऱ्हाईक अर्ध्या डोक्यानं बसून राहतं. आणि साकोर गुरुजींचा योपी लेसमाना, कारण तो गाणी स्वतः लिहितो, गिटार स्वतः वाजवतो. गुरुजी मला आठवीत गणित शिकवायचे. मी शाळा सोडली ती त्यांच्यामुळं नाही, पण त्यांची मदत झाली.

"आवाजाला चाळीस गुण," गुरुजी बोटांवर मोजत म्हणाले. "शब्दांना तीस. वाद्याला वीस. उरलेले दहा..."

"चारित्र्याला?" लिक कास्मुरींनी भीत भीत विचारलं.

"चारित्र्याला गुण नाहीत."

"मग सैद पहिला!"

"चार लग्नं केली त्यानं," लिक दुलगानी म्हणाले.

"म्हणून तर विचारून घेतलं."

"वाद्याला वीस कशाला? एटी वाद्य वाजवत नाही म्हणून? गुरुजी, हा पेपर तुम्हीच काढलाय आणि तुमच्याच पोराला पास करताय."

"बरं, वाद्याला पंधरा."

मी ब्रश थिनरमध्ये बुडवला. "तिघांना एका रांगेत काढू का? सारख्या मापाचे?"

"आणि डावीकडून पहिला कोण?" तिघंही एकदम.

"गोल काढते. गोलाला डावं-उजवं नसतं."

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, आठवीत बघायचे तसंच. "गोलात बाराच्या जागी कोणीतरी असतंच, नोक."

असं वाटलं, रंगाचा डबा तिघांच्या डोक्यावर सारखा ओतावा. त्यात तरी कोणी वर-खाली नसतं.

त्यांना घाई नव्हती. मला होती.

माझी आई कांद्याच्या वखारीत बसून दिवसभर कांदे निवडते. मी शाळा सोडल्यावर तिनं आरडाओरडा केला नाही. तांगेरांगच्या मावशीला फोन केला आणि बुटांच्या कारखान्यात माझी जागा बघून ठेवली. मी म्हणाले, मला कांग गोपारच्या दुकानात ट्रक रंगवायचेत. ती म्हणाली, "तू रंगवतेस कुठं? तू डबे धुतेस." मी म्हणाले, मागच्या वर्षीपासून सगळ्या चेहऱ्यांचे डोळे मीच काढते. ती म्हणाली, "डोळ्यांवर नाव कोणाचं असतं?"

बरोबर होतं तिचं. फाळक्याच्या उजव्या कोपऱ्यात खाली रंगाऱ्याचं नाव पडतं आणि तिथं कायम गोपार असायचं. शेवटी आईनं सांगितलं, "भूमीच्या जत्रेत तुझं नाव असलेला एक तरी ट्रक दाखव. नाही दाखवलास तर सोमवारची तांगेरांगची बस."

या तिघांना कंटाळून कांग गोपार एक दिवस म्हणाला, "हा ट्रक तुझा. नाव पण तुझंच टाक. फक्त हे लोक मला दिसायला नकोत." आणि तो मागच्या अंगणात निघून गेला. म्हणजे माझं नाव पडणार होतं. पण चेहरे पुरे झाल्याशिवाय कोपऱ्यात नाव टाकत नाहीत, आणि हे चेहरे काही पुरे होऊ देत नव्हते.

जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत सैद दोनदा वर जाऊन खाली आला होता. एटीचा एक कान योपीच्या केसांत राहिला होता. लिक दुलगानी म्हणाले, "आता काल रात्री माझ्या मनात असं आलं..."

माझं डोकंच फिरलं. मी काळ्या रंगात ब्रश बुडवला आणि फाळक्यासमोर उभी राहिले. "आता जो तोंड उघडेल, त्याच्या गायकाला मिशी."

मग अगदी हळू आवाजात लिक दुलगानी, "एटीला पण?"

"एटीला आधी."

"अगं, ट्रक माझा आहे," लिक कास्मुरी म्हणाले.

मी ब्रश सैदच्या ओठांवर नेला. ते दोन पावलं मागं सरकले. मी तिघांना बाहेर काढलं, त्यांच्या भज्यांचा कागदसुद्धा बाहेर फेकला आणि शटर ओढलं. बाहेर बराच वेळ निकष चालू होते.

मग मी चित्राकडं नीट बघितलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा, कोणी कानाशी बोलत नसताना. सैदच्या सगळ्या फोटोंत त्याची नजर वर असते. त्याला खाली ठेवला तर तो दुसऱ्याच्या हनुवटीखाली डोकावल्यासारखा दिसतो. म्हणून तो वर. एटी समोर बघते, ती त्याच्या खांद्याशी. योपी गिटारकडं बघतो, तो खाली. गाण्याचा काही संबंध नव्हता. अंधार पडायच्या आत मी काम संपवलं आणि उजव्या कोपऱ्यात पिवळ्या रंगानं दार्युनी लिहिलं. हेच माझं नाव. गावात मला नोक म्हणतात, पण गावात प्रत्येक पोरीला नोकच म्हणतात.

सकाळी तिघं आले. लिक कास्मुरी चक्क नाचले. लिक दुलगानी म्हणाले, आता या ट्रकमागनं मी सायकलसुद्धा चालवणार नाही. गुरुजी म्हणाले, "दुसऱ्या क्रमांकाबद्दल माझी लेखी हरकत आहे." ट्रक मैदानाकडं गेला आणि मी आईला आणायला पळाले.

आईनं केस धुतले होते, डोक्याला चांगला रुमाल बांधला होता. तरी कांद्याचा वास होताच, तो जात नाही. मैदानात भाताच्या राशी, कोंबड्या, फळं सगळं मांडलेलं. भूमीची प्रार्थना होऊन लोक जेवत होते. मी गर्दीतून आईचा हात धरून ओढत होते. "मागच्या बाजूनं चल, फाळका तिकडं आहे."

फाळका नव्हता.

म्हणजे होता, पण पाडलेला. दोन तेलाच्या पिंपांवर आडवा टेकवलेला, वर सतरंजी. सतरंजीवर तेगालहून आलेली गायिका उभी राहून माइक तपासत होती आणि मागं ट्रकमध्ये तिचा ऑर्केस्ट्रा ढोलक्या बांधत होता.

दर जत्रेला दांगदुतचा ऑर्केस्ट्रा लिक कास्मुरींच्या ट्रकवरच वाजतो. दर जत्रेला फाळका पाडतात, म्हणजे गायिकेला पुढं येऊन नाचता येतं. मी लहान असल्यापासून बघते. ते तिघं तर माझ्या जन्माआधीपासून. आणि फाळका पाडला की त्याची बाहेरची बाजू जमिनीकडं जाते, हे आमच्या चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"कुठाय?" आईनं विचारलं.

मी बोट खाली केलं. समोर लिक कास्मुरी डोक्याला हात लावून उभे होते. "वरच ठेवा म्हणालो," ते म्हणाले, "तर सरपंच म्हणतात, गायिका काय हवेत नाचणार?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता बसचं बोलेल. तिनं चपला काढल्या, कमरेचा सारोंग घोट्याच्या वर खोचला आणि वाकून सरळ फाळक्याखाली शिरली. तिथं सावली होती म्हणून चार-पाच पोरं बसली होती, त्यांना तिनं बाजूला सारलं आणि पाठीवर पडली. मीही शिरले. डोक्यावर हातभर अंतरावर सैद, एटी आणि योपी.

कोपऱ्यातल्या नावावर आईनं बोट फिरवलं. रंग अजून किंचित ओला होता, तो बोटाला लागला.

"हे तू एकटीनं केलंस?"

"हो."

"नाकं चांगली आलीत." मग तिच्या कपाळाला आठी पडली. "एटी खाली का?"

"काय?"

"एटी मार्सिता. सैदच्या खाली. कोणी सांगितलं तुला?"

"तू एटीला ऐकतेस?"

"वखारीत दिवसभर दुसरं काय करते मी?"

"ऐका! ऐका सगळे!" लिक दुलगानी रांगत आत आलेच. पाठोपाठ लिक कास्मुरी, मग धाप टाकत गुरुजी. सगळे पाठीवर आडवे, खांद्याला खांदा.

"सोमवारी हे खरवड आणि एटीला वर घे," आई मला म्हणाली.

"सोमवारी बस आहे ना?"

"बस कुठं पळून जाते? आधी हे निस्तर. माझ्या पोरीचं नाव घालून असलं चुकीचं चित्र जकार्तापर्यंत फिरणार का?"

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण तीन आठवडे ते नाक खरवडून माझी नखं फुटली होती, आणि तोंडातून निघालं ते असं: "मी केसाएवढंसुद्धा बदलणार नाही. सैद वरच राहणार. त्याचे डोळे बघ जरा."

"डोळ्यांनी गातात का?"

"गाण्याचा काय संबंध? हा फाळका आहे!"

"आधी निकष ठरवा," गुरुजी म्हणाले.

वर ढोलकीनं ताल धरला. बाहेर सगळं मैदान ओरडलं. गायिकेनं पहिलंच पाऊल इतकं जोरात आपटलं की फळ्यांच्या फटींतून धूळ पडली, थेट आमच्या डोळ्यांत.

आईनं मूठ वळून फाळका खालून दणादण ठोकला. "ए पोरी, जरा हळू नाच! इथं महत्त्वाचं चाललंय!"