नेव्हेनाच्या नावानं

...आणि पिठीसाखर कोटाच्या बाहीवर सांडलीच. काळ्या बाहीवर पांढरी भुकटी, झटकावी तर आणखी पसरणारी – नेव्हेना असती तर ओल्या बोटानं टिपून घेतली असती, असं मनात आलं आणि मेतोदी लोकुमचं खोकं उघडं धरून रस्त्याच्या कडेला तसाच उभा राहिला. साखरेत घोळलेल्या त्या मऊ मिठाईच्या गुलाबी वड्या एकमेकींना चिकटल्या होत्या. खरं म्हणजे आज उकडलेला गहू वाटायचा. बायकोला जाऊन आज चाळीस दिवस झाले होते, चाळिसाव्याला गहू वाटायचा असतो, आणि तो त्यानं पहाटे शेगडीवर चढवलाही होता. पण पातेल्याकडे बघता बघता तो कुठे हरवला कुणास ठाऊक, करपल्याचा वास आला तेव्हाच भानावर आला. एवढंही तुला जमलं नाही, असं स्वतःला म्हणत त्यानं दुकानातून हे खोकं आणलं होतं.

काम तसं साधं होतं. गेलेल्या माणसाचं नाव सांगून कुणाच्या तरी हातावर गोड ठेवायचं. घेणारा आभार मानत नाही, 'देव तिला क्षमा करो' म्हणतो आणि खातो. मग ते तिकडे पोचतं. मेतोदीचा यावर काडीचा विश्वास नव्हता. पण नेव्हेनाचा होता – तिच्या आईच्या वेळी ती सगळ्या इमारतीत परात घेऊन फिरली होती, आणि हा आत बसून सामना बघत होता – आणि आता तिला पोचवणारं दुसरं कुणीच नाही, आपण चुकलो तर ती तिकडे उपाशी राहील, या भीतीनं त्याचा रात्रभर डोळा लागला नव्हता.

घराजवळ वाटायचं तर सोपं होतं. इमारतीच्या दारावर ती गेल्याचं कळवणारा, तिच्या फोटोचा कागद अजून चिकटवलेला होता, सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते हात हातात घेणं, ते मान हलवणं... म्हणून तो ट्रामचे रूळ ओलांडून या परक्या गल्लीत आला होता. मी भित्रा आहे, नेव्हेना. तुझं नाव घ्यायची वेळ आली की मी वाट बदलतो. आल्यापासून तीन माणसं समोरून गेली आणि मी खोकं पुढे केलं नाही. खरं सांगू, मला आता कशाचंच काही वाटत नाही, सकाळी उठायचं कशाला हेच कळत नाही.

तळघरातल्या दुकानाची खिडकी फुटपाथला टेकलेली होती. सिगारेट घ्यायची तरी गुडघ्यात वाकावं लागे. आतून एका बाईचा गोल, घामेजलेला चेहरा वर बघत होता. मेतोदी वाकला, खोकं पुढे केलं, तोंड उघडलं – आणि आवाजच फुटेना.

बाईनं खोकं बघितलं, मग त्याचा इस्त्रीचा कोट बघितला.

‘‘काय काका, एवढे नटूनथटून? वाढदिवस वाटतं?’’

नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हटलं की पुढचंही सांगावं लागलं असतं. त्यानं मान डोलावली. बाईनं वडी उचलून तोंडात टाकली, शंभर वर्षं जगा म्हणाली – नेमकं तेच त्याला नको होतं – आणि बोटं चाटत तिनं विचारलं, ‘‘मग आज घरी काय बेत?’’

‘‘भरल्या ढोबळ्या मिरच्या,’’ तो म्हणाला. कुठून आलं ते, त्यालाही कळलं नाही.

‘‘नशीब काढलंत. आमच्याकडे माझ्याच वाढदिवसाला मीच रांधते.’’

हो, नशीब काढलं... इतकी वर्षं दर वाढदिवसाला त्या मिरच्या, आणि तो मीठ कमी आहे म्हणायचा. चांगल्या झाल्यात असं एकदा तरी म्हटलं होतं का? त्याला आठवेना.

‘‘बायकोचं नाव काय हो?’’

‘‘नेव्हेना.’’

नाव आपलं सहज बाहेर पडलं, ती घरी कांदा चिरत असावी तसं.

‘‘मग नेव्हेनाताईंना सांगा, तळघरातल्या दुकानातल्या गिन्कानं नमस्कार सांगितलाय म्हणून. लोकुम झकास आहे.’’

‘‘सांगतो,’’ मेतोदी म्हणाला आणि गुडघ्यावर हात टेकून उठला.

वडी फुकट गेली होती. देवाचं नाव नाही, क्षमा नाही, तिकडे काही पोचलं नव्हतं. तिच्यासाठी करायची शेवटची गोष्टही त्यानं खोटं बोलून घालवली होती. परत वाकावं, खरं सांगावं... पण त्या बाईच्या लेखी नेव्हेना या घडीला घरी होती, आणि तिला तिथून उठवायला त्याचं मन धजेना. तो रुळांच्या दिशेनं चालू लागला, आधी हळू, मग जरा घाईनं. घरी कुणी नव्हतं, आणि घरी जाऊन सांगण्यासारखं काहीतरी आज त्याच्याजवळ होतं.