पत्र्याखालची गार खोली

रेवणप्पानं घरावरचं मातीचं माळवद उतरवून पत्रे घातले तेव्हा गल्लीत त्याच्याइतका खूश माणूस दुसरा नव्हता. दर वर्षी छपरावर माती टाका, ती चोपा, गळेल तिथं घमेलं ठेवा, या कटकटीतून एकदाचा सुटलो, असं तो सात रस्ता चौकातल्या आपल्या रेडिओच्या दुकानात येईल त्याला सांगायचा. मग उन्हाळा आला. सोलापूरचं ऊन पन्हळी पत्र्यावर पडायला लागलं आणि दुपारी घरात बसणं तव्याखाली बसल्यासारखं झालं. घरातली माणसं जेवण उरकून शेजारच्या मठाच्या ओवरीत जाऊन पडायची. रेवणप्पा मात्र हट्टानं पत्र्याखालीच बसायचा, घाम पुसायचा आणि एवढं काही वाटत नाही म्हणायचा.

हे सोंग त्याला मुलीच्या बाळंतपणानं टाकायला लावलं. हेमावती अक्कलकोटला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं हा रिवाज, आणि तिचे दिवस भरत होते नेमके वैशाखात. सातव्या महिन्यात तिकडं ओटी भरायला रेवणप्पा आणि त्याची बायको कमलम्मा गेले, तेव्हा विहीणबाईंनी चारचौघींत सांगून टाकलं, की पत्र्याच्या घरात वैशाखात सून पाठवणार नाही. खोली गार करा. मी येऊन भर दुपारी बसून बघेन, पटलं तर तिला ठेवून जाईन, नाहीतर बाळंतपण इथंच होईल. हेमावती आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. तिला माहेरीच यायचं होतं. परतीच्या एस्टीत कमलम्मा नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तिचं न बोलणं म्हणजे काय असतं हे रेवणप्पाला संसारभर माहीत होतं.

आता खोली गार करायला निघाल्यावर सल्ला देणाऱ्यांना काय तोटा? कुणी म्हणे पत्र्यावर चुना फासा, कुणी म्हणे कडबा पसरा, कुणी म्हणे ओली पोती टाका. रेवणप्पाची म्हातारी आई गुरम्मा म्हणाली, पुन्हा माळवद घाल. हा सल्ला त्याला सगळ्यात जास्त झोंबला. आपण माळवद उतरवलं ही चूक होती असं कबूल करण्यापेक्षा त्यानं उन्हात उभं राहणं पसंत केलं असतं. त्याला नवीन काहीतरी हवं होतं, आणि ते त्याच्या दुकानातच पडलेलं होतं. रेडिओ येतात त्या खोक्यांतला थर्माकोल माळ्यावर साठला होता. शेजारच्या मल्लप्पाचं सोफ्याचं दुकान. तिथं फोमचे तुकडे पोत्यांनी भरून पडलेले. पत्र्याच्या खालून यातलं काहीतरी लावायचं, हे ठरलं. कोणतं लावायचं, यावर दोघांची जी जुंपली ती काही केल्या मिटेना.

रेवणप्पानं थर्माकोलचा तुकडा मोडून दाखवला. बघ, दाणे कसे एकेक बंद आहेत, आत हवा कोंडलेली, ना ऊन शिरणार ना पाणी. मग फोमला तोंड लावून फुंकर मारली, ती पलीकडून मल्लप्पाच्या हाताला लागली. याची सगळी भोकं उघडी, याचा काय उपयोग? मल्लप्पा म्हणाला, ऊन काय फुंकर मारून येतं काय? माझा फोम पन्हळीत दाबला की बसतो, कुठं फट राहत नाही. तुझा थर्माकोल वाकवशील तर मोडेल. त्याला खालून लाकडाची चौकट पाहिजे, आणि लग्नसराईत सुतार कुठला आणणार आहेस? शेवटी दोघांनी दोन पत्र्याचे डबे घेतले, एकाला आतून थर्माकोल लावला, दुसऱ्याला फोम, दोन्हींत लोण्याचा गोळा ठेवला आणि डबे दुकानासमोर उन्हात मांडले. गिऱ्हाइकं रेडिओ बघायची सोडून लोणी बघायला लागली. फोममधलं लोणी आधी पाझरलं, पण फार आधी नाही. मल्लप्पानं एवढ्यावरच बरोबरी जाहीर केली.

रेवणप्पाला दिवस कमी होते. त्यानं फोम लावला. एक डाव पाण्याचा विचार त्याच्या मनात आला होता, नाही असं नाही. फोम पाणी पितो हे त्याला कळत होतं. पण पाणी पिण्यासाठी छपरातून पाणी यावं लागतं, आणि आपले पत्रे गळतात हे मान्य करायला तो तयार नव्हता. गळतं ते माळवद. पत्रे कसे गळतील?

वळवाची एक सर आली आणि खिळ्याखिळ्यातून पाणी आत उतरलं. नुसता पत्रा असता तर गळालं असतं आणि संपलं असतं. फोमनं ते सगळं पिऊन घेतलं, काही न दाखवता पोटात ठेवलं आणि मग ऊन पडल्यावर रोज थोडं थोडं बाजेवर सोडत बसला. खोलीला कुबट वास सुटला. कमलम्मा आता बोलायला लागली होती, आणि रेवणप्पाला वाटायला लागलं की तिचं न बोलणंच बरं होतं. मल्लप्पा येऊन वर बघून गेला. फोममध्ये काही खोट नाही, तुझे पत्रेच गळके, असं म्हणाला. रेवणप्पाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण बोलणं खरं होतं.

त्यानं फोम ओरबाडून काढला. खिळ्यांना डांबर लावलं. सुतार मिळेना म्हणून स्वतःच पट्ट्या ठोकून वाकडीतिकडी चौकट केली आणि दुकानातला सगळा थर्माकोल तिच्यात बसवला. रेडिओवाल्याचा हात, बारीक कामाला तयार. जिथं दोन तुकड्यांत फट, तिथं खडू आणि तेल मळून केलेलं लुकण भरलं. भिंतीच्या कडेनं भरलं, पत्रा आणि भिंत यांच्यामधून उजेड दिसायचा तिथं चिंध्या कोंबून वरून भरलं. फट राहिली की सगळी मेहनत वाया, एवढं मल्लप्पाचं म्हणणं त्याला पटलं होतं. सगळ्याच्या खालून मांजरपाटाचं पांढरं छत ताणलं. मान अवघडली, डोळ्यांत लुकणाची भुकटी गेली, दुकान बंद राहिलं, गिऱ्हाइकं तुटली. पण भर दुपारी त्या खोलीत पाऊल टाकलं आणि अंगावरचा घाम सुकला, तेव्हा तो एकटाच मोठ्यानं हसला.

बसवजयंतीला विहीणबाई हेमावतीला घेऊन आल्या. पंखा बंद करायला लावला, दार लोटून घेतलं, बाजेवर बसल्या आणि छताकडं बघत राहिल्या. रेवणप्पा उंबऱ्याबाहेर परीक्षेला बसल्यासारखा उभा. चहा संपला तरी त्या उठेनात. मग म्हणाल्या, "खोली लई गार केलाव की. राहू दे पोरगी." कमलम्मानं पदरानं डोळे टिपले आणि कितीतरी दिवसांनी नवऱ्याला आपण होऊन दुसरी भाकरी वाढली.

हेमावतीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. रेवणप्पानं दुकानासमोर पेढे वाटले, मल्लप्पाला दोन दिले.

आणि गुरम्मानं शेगडी काढली.

बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवायची, वर ओवा, बाळंतशेपा टाकून धुरी द्यायची, खिडकी लावून घ्यायची, दाराच्या खालच्या फटीला गोधडी लावायची, म्हणजे ओल्या अंगाला वारं लागत नाही. गुरम्माची सगळी बाळंतपणं अशीच झाली, कमलम्माचंही अशाच खोलीत. यात घरातल्या कुणालाच काही वावगं दिसलं नाही. रेवणप्पालाही दिसलं नाही. बाहेरचं ऊन आत येऊ नये म्हणून त्यानं इतका जिवाचा आटापिटा केला, पण आत विस्तव पेटणार आहे, हे त्याच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. जन्मभर बघितलेली गोष्ट, आणि नेमकी तीच विसरली.

खोलीनं आपलं काम चोख केलं. बाहेरचा उष्मा तिनं आत येऊ दिला नाही आणि आतला बाहेर जाऊ दिला नाही. दुसऱ्याच दिवशी धुरानं बाळ खोकायला लागलं. त्याच्या मानेवर, पाठीवर घामोळं उठलं. हेमावती घामानं निथळत होती. रेवणप्पानं आईला समजावलं, मग विनवलं, मग तो ओरडला. गुरम्मा म्हणाली, तुला मी विस्तवावरच काढला, मेलास काय? त्यानं चिमट्यानं शेगडी उचलून अंगणात आणून ठेवली. गुरम्मानं ताट सारलं आणि शेगडी आत जाईपर्यंत पाण्याचा घोट घेतला नाही. खिडकी तरी उघडा म्हटलं, तर कमलम्मा आडवी आली. उद्या पोरीची कंबर धरली तर विहीणबाई जन्मभर आपल्या नावानं खडे फोडतील, असं तिचं म्हणणं. कमलम्माला सासू आवडत नव्हती, पण या एका बाबतीत दोघी एक झाल्या. रेवणप्पानं हात टेकले. शेगडी उचलायला एकदा आत शिरला तेवढंच. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नाही, म्हणून तो दाराबाहेर येरझाऱ्या घालत आतलं खोकणं ऐकत राहिला. आपल्याच घरात आपलं कुणी ऐकत नाही याचा त्याला एवढा संताप आला की दुकानातला एक चांगला रेडिओ त्यानं दुरुस्त करता करता बिघडवून ठेवला.

एका सकाळी गुरम्मा आंघोळीला गेली होती, तेव्हा हेमावतीनं त्याला हाक मारली. तो दारात गेला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि बाळ तिच्या मांडीवर उघडंच निजलेलं.

"आप्पा, मला सासरी पोचवा," ती म्हणाली.

रेवणप्पाला आधी वाटलं, तिला कुणी काही बोललं. तो म्हणाला, मी आईला सांगतो, आज काही झालं तरी सांगतो.

"आज्जीला काय बोलू नका. शेगडी तितं पण हाय की. पर तितं माळवदाला वर भोक हाय, धूर जातो, उष्मा जातो. हितं कुटं जाईल? तुमी सगळं बंद केलाव."

आपण आत्ताच्या आत्ता वर चढतो, पत्रा कापतो, थर्माकोल फोडतो, असं तो भराभरा बोलायला लागला. हेमावतीनं मान हलवली. पत्र्यावर हातोडा पडला की बाळ दचकतं, आणि कापून होईतोवर त्याला ठेवायचं कुठं, असं ती म्हणाली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर त्याला भांडता तरी आलं असतं.

उन्हं चढायच्या आत त्यानं मोटार ठरवली. विहीणबाईंना काय सांगायचं याचा विचार सगळ्या वाटेनं केला. तिथं पोचल्यावर त्यांनी बाळाची पाठ बघितली आणि बाळ आपल्या हातात घेतलं. हेमावती आत गेली. त्या जुन्या दगडी घरातून बाळाचा आवाज थोडा वेळ आला, मग ते निवांत झोपलं.

दुपारी तो घरी आला. सगळं सोलापूर भाजून निघत होतं. विस्तव विझलेल्या रिकाम्या खोलीत गुरम्मानं चटई टाकली होती आणि ती त्या पांढऱ्या छताखाली हातपाय पसरून पडली होती. मुलगा दारात दिसल्यावर ती म्हणाली, "रेवण्णा, खरंच की रे, लई गार वाटतंय हितं. ये, पड जरा."

रेवणप्पा बाहेर गेला आणि पायरीवर उन्हात बसून राहिला.