मागची भिंत

चिखलीतल्या आमच्या घराला आता बरीच वर्षं झाली. येणारा-जाणारा भिंतीवर हात फिरवून म्हणतो, "नीळकंठराव, काम पक्कं आहे हो!" मी हसतो आणि चहा सांगतो. घर बांधताना काय काय शिकलात असं कुणी विचारलं, तर माती-लाकडावर मी तासभर बोलेन. खरं जे शिकलो ते मात्र गिळून बसतो, कारण ते सांगायची मला लाज वाटते.

तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चाले आणि मी तहसील कचेरीत कारकून होतो. वय तीस, पण ऐट तहसीलदाराची. गवंडी होता गुलाम रसूल. माझ्या वडिलांच्या वयाचा, तरी मी त्याला अरे-तुरे करी. पांढऱ्या मातीत भुसा कालवून ती पायांनी तुडवायची, हातभर उंचीचा थर घालायचा आणि तो वाळेपर्यंत वर काही चढवायचं नाही, ही त्याची रीत. रोज सकाळी थरात अंगठ्याचं नख दाबून बघायचा. नख रुतलं की खुशाल घरी निघून जायचा. माझा जीव नुसता जळायचा.

गावात धर्मशाळा बांधायचं घाटत होतं. पंच म्हणत होते, नीळकंठरावांचं घर बघू आणि मग गवंडी ठरवू. गुलाम रसूल मला म्हणालाही होता, "बाबूजी, हे काम भेटलं तं गावात माह्यं नाव राहीन."

मला घाई होती अक्षय्य तृतीयेची. सासरे वामनराव मेहकरहून यायचे होते आणि त्यांच्यादेखत वास्तुशांत करून मला मिरवायचं होतं. स्वयंपाकघराची मागची भिंत तीन थर राहिली होती. हातात दिवस होते बारा.

"तिन्ही थर लागोपाठ चढव," मी म्हणालो.

"बाबूजी, खालचा ओला हाये. वरचा भार नाही पेलणार त्याले. एकेकाले आठ दिवस तरी द्या."

"घर माझं आहे. तुला जमत नसेल तर दुसरा बघतो."

माझी बायको वासंती दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. गुलाम रसूल माती तुडवायला लागला.

चौथ्या दिवशी दुपारी भिंतीने पोट काढलं आणि बघता बघता ती खाली बसली. कुणाला लागलं नाही, हे नशीब. शेजारीपाजारी धावले. काय झालं, कसं झालं विचारू लागले आणि माझ्या तोंडून निघालं, "मिस्त्रीने घाई केली." गुलाम रसूल तिथेच ढेकळं बाजूला करत होता. त्याने मान वर केली नाही.

ती भिंत त्याने पुन्हा घातली, या वेळी आपल्या रीतीने. मुहूर्त हुकला तो हुकलाच, वास्तुशांत ज्येष्ठात झाली. त्या दिवशी गवंड्याला फेटा बांधायचा मान असतो. मी अंगणात त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळत होतो, तेवढ्यात सासऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "भिंत पाडली तो हाच का?"

एक वाक्य बोलायचं होतं. मी फेट्याचा पुढचा वेढा घेतला. शेवटी तोच म्हणाला, "हाव जी, मीच तो. घाई झाली माह्याच्यानं."

"असं का बोललास?" फेट्याचं टोक खोचताना मी पुटपुटलो.

"वास्तूच्या दिवशी मालकाले खोटं पाडू नाही, बाबूजी. पंच इचारतीन तवा तुम्ही खरं सांगजा, म्हंजे झालं."

"सांगतो," मी म्हणालो. पाहुणे पांगल्यावर वासंतीही म्हणाली, "पंचांपुढे तरी बोला हो."

आठवड्याने पंच आले. ओसरीवर बसले, पान खाल्लं. त्यांच्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले, "गुलाम रसूलचा हात कसा आहे? लोक काहीबाही बोलतात, पण तुमचा शब्द आम्हाला पुरे."

खरं सांगावं तर मी खोटारडा ठरणार. गावात, सासुरवाडीत, उद्या कचेरीतही. वासंती दाराआड उभी आहे हे मला ठाऊक होतं.

"माणूस फार चांगला आहे," मी म्हणालो.

त्यांनी हाताचं विचारलं होतं आणि मी माणसाचं सांगितलं. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं, "समजलं" म्हणाले आणि उठले. धर्मशाळेचं काम दुसऱ्या गवंड्याकडे गेलं.

पुढे महिन्याभराने गुलाम रसूल बाजारात भेटला. मी तोंड चुकवून निघालो होतो, पण त्यानेच हाक मारली. "बाबूजी, पंचाइनं सांगतलं मले. तुम्ही माही लय तारीफ केली म्हणे. अल्ला तुमचं भलं करो." मग जरा घुटमळला. "मंग काम काऊन गेलं, काही समजत नाही. तुमच्यापाशी काही बोलले काय ते?"

"नाही," मी म्हणालो, आणि त्याने माझ्यावर विश्वास ठेवला.