लिफ्टवाले साहेब जिन्यानं जातात

साहेबांना विमानाची भीती वाटते, असं म्हणायची घरात कुणाची टाप नव्हती. भीती नव्हेच ती, तत्त्व होतं. आधी कानदुखीचं तत्त्व, मग रक्तदाबाचं, मग 'इथंच बघण्यासारखं काय कमी आहे' हे. लिफ्ट तपासायच्या सरकारी खात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेला माणूस. शहरातल्या निम्म्या लिफ्टमध्ये, आरशाच्या वर, काचेच्या चौकटीत त्यांची सही: 'तपासली, सुरक्षित आहे.' आणि हे गृहस्थ स्वतः चौथ्या मजल्यावरच्या घरी जायचे जिन्यानं. व्यायाम म्हणून! बायकोलाही चढायला लावायचे. तिचे गुडघे बोलायला लागले, तरी ती बिचारी पिशव्या सांभाळत चढायची. नवरा या विषयातला जाणकार, तो सांगतो त्यात काहीतरी असेलच, असं तिला वाटायचं.

मग ताईचा फोन आला आणि तत्त्वाचं पितळ उघडं पडलं. ताई म्हणजे साहेबांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं, आणि नंतर संसारापायी समुद्रापलीकडे गेली. आता तिचे डोळे जात चालले होते. डॉक्टरांनी दोन महिने सांगितले होते, फार तर तीन. फोनच्या काचेत तिला नुसता धूर दिसायचा. माणूस वीतभर अंतरावर उभा असेल तरच काय ते. तिनं रडगाणं गायलं नाही. एवढंच म्हणाली, "तुला शेवटचं पाहिलं तेव्हा तुझ्या डोक्यावर केस होते. एकदा येऊन तोंड दाखवून जा."

साहेबांनी गुपचूप बोटीची चौकशी केली. बोट होती, पण ती कोळसा नेत होती.

शेवटी लेकीनं त्यांना धरून एका समुपदेशक बाईंकडे नेलं. बाई वयानं लहान, पण कामात पक्क्या. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. साहेबांनी निमूटपणे मोजले. भीती विमानाची नसते, आपला जीव दुसऱ्याच्या हाती असण्याची असते, असं बाईंनी समजावलं. साहेबांनी मान डोलावली. मग बाईंनी हुकमाचं पान टाकलं. "काका, प्रत्येक उड्डाणाआधी एक जाणकार माणूस विमान तपासतो आणि कागदावर सही करतो. त्या सहीशिवाय विमान हलत नाही."

हे ऐकून काका निवांत होतील अशी बाईंची कल्पना. काका पांढरेफटक पडले. घोडं नेमकं इथंच पेंड खात होतं.

नोकरीच्या सुरुवातीला साहेब खरोखर लिफ्टच्या डोक्यावर चढायचे, दोर हातानं चाचपायचे, ग्रीसनं माखून घरी यायचे. पुढे पोट वाढलं, मान वाढला. मग मॅनेजरच्या केबिनमध्ये चहा यायला लागला. मॅनेजर म्हणायचा, लिफ्ट मागच्या वर्षीसारखीच आहे, साहेब. साहेब म्हणायचे, मग सहीही मागच्या वर्षीसारखीच. अशी अकरा वर्षं गेली. जगात सह्या करणारी माणसं कशी असतात, हे त्यांना रोज दाढी करताना आरशात दिसत होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! काय झालं म्हणून बाईंनी विचारलं, तर म्हणाले, श्वास मोजताना चुकलो.

पण ताईपुढे इलाज नव्हता. ठरल्या दिवशी साहेब विमानात बसले, खिडकीशी, शेजारी बायको. खाली जमिनीवर नारिंगी जाकीट घातलेली एक बाई बॅटरी घेऊन चाकापाशी वाकली होती. तिनं आत हात घातला, फडक्यानं काहीतरी पुसलं, उठली, कागद काढला, चार पावलं चालली आणि थांबली. काय मनात आलं कोण जाणे, मागे फिरली, गुडघे टेकले आणि तीच जागा पुन्हा निरखून पाहिली. मग सही केली. साहेब सोडले तर तिच्याकडे कुणाचंही लक्ष नव्हतं.

साहेबांना हायसं वाटलं, पण अर्धं मिनिटच. मग अशी लाज वाटली की चार-सहाचा हिशेबच विसरले. रोज किती म्हातारी माणसं, किती शाळेतली पोरं त्यांच्या सहीखाली उभी राहून वरखाली करत असतील! विमान धावायला लागलं. साहेबांनी बायकोचा हात घट्ट धरला आणि सगळं ओकून टाकलं.

"अकरा वर्षं मी एकही लिफ्ट तपासलेली नाही. आपली पण नाही."

बायकोनं आधी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतला.

"म्हणजे तो व्यायाम नव्हता," ती म्हणाली.

पुढचे नऊ तास ती एक अक्षर बोलली नाही. विमान दोनदा चांगलं गदागदा हललं, लोकांच्या तोंडचं पाणी पळालं, पण साहेबांच्या ते लक्षातही आलं नाही. बायकोच्या गप्प बसण्यापुढे विमान काहीच नव्हतं. समुपदेशक बाईंच्या यादीत हा उपाय नव्हता.

ताई सातव्या मजल्यावर राहायची. इमारतीत शिरताच साहेबांचे पाय सवयीनं जिन्याकडे वळले. बायको सरळ लिफ्टमध्ये शिरली आणि बटणावर अंगठा दाबून दार उघडं धरून उभी राहिली. आत काचेच्या चौकटीत कागद होता आणि खाली कुणा अनोळखी निरीक्षकाची झोकदार सही. साहेबांनी ती बघितली मात्र, पाऊल मागे घेतलं. इतकी वळणदार सही टेबलाशी बसूनच होते. लिफ्टच्या डोक्यावरून उतरलेल्या माणसाचा हात थरथरतो, कागदाला ग्रीसचा डाग पडतो. हा कागद कोरा करकरीत होता.

"तुमच्यासारख्याच कुणाची तरी आहे," बायको म्हणाली. "या आत."

साहेब आत गेले. सात मजले त्यांनी डोळे मिटले नाहीत, दोराचा आवाज ऐकत राहिले.

ताई दारातच उभी होती. तिनं त्यांची हनुवटी धरून तोंड खिडकीच्या उजेडाकडे वळवलं, अगदी वीतभर अंतरावर आणलं आणि बराच वेळ न्याहाळलं. "अरे, केवढा घाबरलायस," ती म्हणाली. "लहानपणी काहीतरी लपवायचास, तेव्हा अगदी असाच दिसायचास."

तिला दिसत होतं. साहेबांना रडू फुटलं.

मागून बायकोनं बॅग जमिनीवर ठेवली आणि एक हात गुडघ्यावर टेकला.

"नीट बघून घ्या, वन्सं," ती म्हणाली. "न बघता सही करणारा माणूस असा दिसतो."