भोक पडलेली काडी

आमच्या ह्यांची हयात वेल्डिंगमध्ये गेली. एक डोळा ठिणगीने कधीच घेतला होता आणि उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, लेसर वापरून काढू. हे म्हणाले, "आग ती आग. उरलासुरला डोळा भाजून घ्यायला मी काय दूधखुळा आहे?" आणि पोटची पोर लेसरच बनवते! पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय?

शेवटी लेकीने त्यांना ओढतच आपल्या प्रयोगशाळेत नेलं. मीही गेले, नाहीतर दोघं वाटेतच भांडली असती.

काळोखी खोली, टेबलभर आरसे. डोळ्यांच्या बचावाचा चष्मा मात्र ह्यांनी न सांगता लावला.

"बाबा, या दोन आरशांमध्ये प्रकाश ये-जा करतोय," लेक म्हणाली. "त्यात रंग खूप, पण जो तो आपल्याच तालात. सभेत लोक वाटेल तशा टाळ्या वाजवतात ना, तसा नुसता गलका. आता सगळ्यांची टाळी एकदम पाडते."

तिने एका आरशाला टिचकी मारली. तालात आलेले रंग दाखवणाऱ्या पडद्यावरची काटकुळी रेघ पसरून टेकडी झाली.

"एवढ्या महागड्या यंत्राला टिचकी?" हे म्हणाले.

"सुरुवातीला धक्का लागतो. मग जोरकस झोत तेवढा टिकतो, बाकीचा प्रकाश विरतो. जितके जास्त रंग तालात, तितका झोत आखूड, म्हणजे लागला न लागला तोच संपणारा."

पुढच्या पेटीत झोतांची ताकद वाढवून तिने ते एका आगकाडीच्या गुलावर सोडले. काडी भस्सकन पेटली.

हे उठलेच. "चला घरी. पाहिलं मी." माझंही धाबं दणाणलं.

"बसा हो बाबा! हे झोत मी मुद्दाम ताणून लांब केले होते. आता आखडते."

दुसऱ्या काडीच्या गुलाला आरपार भोक पडलं. काडी पेटली नाही. ह्यांनी बोट लावून पाहिलं. गार!

"उष्णतेला पसरायला वेळच मिळत नाही," लेक म्हणाली. "डॉक्टरांचा लेसरही असाच आखूड झोतांचा."

"ते मला नको सांगू. पातळ पत्र्याला टाका मारला की हात लगेच उचलावा लागतो, नाहीतर पत्रा वाकडा होतो." ह्यांनी तीच भोकाची काडी घासली, ती पेटली, विझेपर्यंत हे बघत राहिले. "पण इतक्या चटकन हात उचलणारं कुणी मी पाहिलं नव्हतं, पोरी."

आजवर तिला त्यांनी कधी शाबासकी दिली नव्हती.

"डॉक्टरांना फोन लाव," मला म्हणाले.

मी फोन काढला खरा, पण डोळे भरून आल्याने मलाच आकडे दिसेनात.